यमुनाकाकूंचं बगदाद

मी एकदा एका भल्या बाईचा जाहीर सत्कार घडवून आणला. शाल, नारळ, हार, माइक, अध्यक्ष, आभार, सगळं यथासांग. आयुष्यात मी गाढवपणा पुष्कळ केला. एकदा मेथी समजून शेजारणीच्या कुंडीतलं काहीबाही चिरलं आणि नवऱ्याला वाढलं. त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं, वर "जरा कडू आहे" एवढंच म्हणाला. पण त्या सत्काराची सर त्यातल्या कशालाच नाही. माझी नात विचारते, "आजी, सत्कार केला, यात चूक काय झाली?" तिचा अजून कोणी सत्कार केलेला नाही, म्हणून तिला असं वाटतं.

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा मी बी.ए. होते, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नव्हते. भाजीवाल्यालाही नाही. मी गल्लीत येता-जाता हातात एखादं पुस्तक धरत असे. वाचायला वेळ नसे, पण धरायला काय लागतं? गल्लीतल्या बायांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'अमरावतीवाली' ठेवलं. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यात विशेष काही नाही. मी मात्र समजले की अमरावतीच्या सुसंस्कृतपणाला हा मुजरा आहे.

त्या गल्लीत यमुनाकाकू होत्या.

अंगानं पापडासारख्या, वाऱ्यावर ठेवल्या तर उडतील. आवाज मात्र पोतंभर. घरात त्यांना कोणी विचारत नसे. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सून तोंडाची खमकी. "बुढे, सरक" आणि "बुढे, ऊठ" याच्यापलीकडं त्या घरात काकूंशी कोणी वाक्य पूर्ण करत नव्हतं. हे दहा महिन्यांचं झालं. उन्हाळा लागला की काकू राणी होत.

कारण उन्हाळ्यात गल्लीत पापडांची पाळी लागे. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. जिच्या घरचं पीठ तिच्या ओसरीवर सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमत. एक जण उडदाचं पीठ कुटे, एक लाट्या पाडे, बाकीच्या लाटत. आणि भिंतीशी पाटावर, मांडीत पितळी थाळी घेऊन, यमुनाकाकू बसत. त्यांनी जन्मात एक पापड लाटला नाही. त्या पिक्चर सांगत.

एकच पिक्चर. दर वर्षी तोच. काकूंच्या लहानपणी, पडद्यावरची माणसं नुकती बोलायला लागली होती तेव्हा, अकोल्याला आलेला बगदादच्या दरबाराचा बोलपट. नाव त्या कधी सांगत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "नाव का चाटाचं हाय?" त्यात एक सुलतान होता, एक शहजादी, एक कपटी वजीर, आणि समुद्रावरून वाहत आलेला एक बिनआईबापाचा पोरगा, जो खरं म्हणजे शेजारच्या राज्याचा वारस असतो. हे मी एका वाक्यात सांगितलं. काकूंना याला चैत्र-वैशाख पुरत नसत.

सुरुवात ठरलेली. सगळ्यांची पहिली लाटी पोळपाटावर पडली की काकू डोळे मिटत आणि घशातून असा काही आवाज काढत, की गंजलेला अजस्र दरवाजा आपल्या पाठीमागंच उघडतोय असं वाटे. "कर्र्र्र... दरवाजा उघडते. पाह्यरेकरी भाला आपटते, ठक्. सुलतान येते. चपला कशा? चर्र-चर्र, चर्र-चर्र. नव्या हायेत." मग तलवारी. थाळीवर उलथनं अशा काही वेगानं वाजवत की झोळीतली पोरं दचकून उठत आणि मग रडायचं विसरून ऐकत बसत. घोड्यांच्या टापा मांडीवर. समुद्र म्हणजे दोन हातांत पीठ चाळायची चाळणी. आणि शहजादी एकटी पडली, रडायला आली, की काकू एकदम हळू होत आणि ओठांतून एक बारीक घंटी वाजवत. किण. किण. थांबून पुन्हा किण. "उंटाची घंटी हाय थे," त्या सांगत. त्या वेळी लाटणी थांबत. मीसुद्धा पदर डोळ्यांना लावी. चष्मा पुसायच्या निमित्तानं, कारण बी.ए. झालेल्या बाईनं पापड लाटताना रडू नये असा माझा समज होता.

गाणी मात्र शब्दांशिवाय. नुसतं "ना ना ना, नाना ना". शब्द काय होते विचारलं तर, "सूर धर, शबुद काय करतं?"

आणि कोणी शंका काढली, म्हणजे काकू, मागच्या साली तर वजीर बुडून मेला होता, यंदा फाशी कसा गेला, तर एकच उत्तर: "पिक्चर मी पायला का तुवा पायला?" संपलं. गल्लीत दुसऱ्या कोणी तो पायलाच नव्हता.

पण वजीर दर साली वेगळा मरे याला कारण होतं. दर साली वजीर वेगळा माणूस असे. काकूंचं ज्याच्याशी वर्षभरात वाजलं असेल तो उन्हाळ्यात बगदादचा वजीर व्हायचा. एका साली वजीर दुधात पाणी घालत होता. एका साली तो दुसऱ्याच्या ओट्यावर आपली सायकल लावत होता आणि सुलतानानं त्याला सायकलीसकट समुद्रात टाकलं. तुमच्या पोटात काही असेल तर चैत्राच्या आधी काकूंशी गोड बोलून घ्यायचं, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आमच्या समोरच्या शांताबाईची सासू चिक्कू, कुटलेल्या पिठाच्या लाट्या मोजून द्यायची. त्या साली सुलतानाची माय मुदपाकखान्यात बसून भाकरी मोजायला लागली. शांताबाई लाटणं तोंडात कोंबून हसली. सासू म्हणाली, "कशी मेली असते एकेक बाई!" आणि दुसऱ्या दिवसापासून मोजणं बंद.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात शहजादीच्या महालात एक दासी आली. "लय शिकेल हाय," काकू म्हणाल्या. "अरबी येते, फारशी येते, सगळं येते. भाकर तेवढी येत नाई. शहजादीची चिठ्ठी वाचते आन् भलत्याच राजाले नेऊन देते. कावून? तं चालता चालता पुस्तक वाचून राह्यली होती." बाया अशा हसल्या की दोन पापड फाटले. मीही हसले. मी तर वर विचारलं, "काकू, ही दासी मूळ बोलपटात होती?"

"होती तं! तू आली तवापासून हाय."

आता कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. मला वाटलं, माझ्यासारखी जाणती श्रोती मिळाल्यामुळं काकूंना विसरलेले प्रसंग आठवायला लागले. मी घरी येऊन नवऱ्याला हे अभिमानानं सांगितलं. तो फार सज्जन माणूस होता. तो अंगणात जाऊन हसला.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण मला लिहायचा नाद. अमरावतीच्या एका साप्ताहिकात मी मोठा लेख लिहिला. काकूंच्या कथनात शब्दांपेक्षा सुरांना महत्त्व आहे. कथानक दर वर्षी बदलतं, कारण स्मृती ही वाहती नदी आहे. आणि ती उंटाची घंटी. त्या घंटीवर मी पाऊण रकाना लिहिला. ती घंटी म्हणजे स्त्रीच्या एकाकीपणाचं प्रतीक आहे, असं मी म्हटलं होतं. लेखाच्या शेवटी काकूंना मी 'त्या हरवलेल्या बोलपटाची अखेरची साक्षीदार' म्हटलं. मला तो शब्दप्रयोग इतका आवडला होता की स्वयंपाक करताना मी तो मोठ्यानं म्हणत असे.

लेख वाचून पुण्याहून एका संशोधकांचं उत्तर आलं. जुन्या बोलपटांवर त्यांचं काम चाललं होतं. त्या बोलपटाचं एकही रीळ उरलेलं नाही, काकूंना भेटायला मी अकोल्याला येतो, असं त्यांनी कळवलं. झालं. मी नुसती भेट कशी होऊ देणार? वाचनालयाचं सभागृह मिळवलं, अध्यक्ष मिळवले, हातानं लिहिलेल्या जाहिराती तीन चौकांत लावल्या. काकूंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तथी पापड असतीन का?"

"नाही हो काकू, सभा आहे. तुम्ही फक्त सांगायचं."

"मंग बाया काय करतीन?"

"ऐकतील!"

"नुसत्या?" काकूंना ते काही पटलं नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे ना व. कायले पाह्यजे?" मी त्याला विनय समजले.

सभागृह भरलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर वकील, प्राध्यापक, त्यांच्या बायका. मागं सतरंजीवर आमच्या गल्लीतल्या सगळ्या जणी. काकू व्यासपीठावर, खुर्चीच्या अगदी टोकाशी, खांद्यावर शाल. दोन्ही हात मांडीवर मोकळे. थाळी मी मुद्दाम आणू दिली नव्हती. सभेत थाळी वाजवणं मला ग्राम्य वाटलं. समोर माइक. काकूंनी घशातून दरवाजा उघडला, आणि माइक असा किंचाळला की पहिल्या रांगेनं कानांवर हात दाबले. त्यानंतर दरवाजा काही पुन्हा उघडेना.

पुण्याचे गृहस्थ सज्जन होते हे मला आजही सांगितलं पाहिजे. त्यांनी पुढं होऊन मदत केली. "आजी, आपण असं करू. मी विचारतो, आपण सांगा. शहजादीचा पोशाख आपल्याला आठवतो?"

काकूंच्या जिवात जीव आला. "हिरवा शालू! जरीचा. आन् त्यावर लाल चोळी."

"पण आजी," ते हळूच म्हणाले, "तेव्हाचे बोलपट काळेपांढरे असत."

सभागृह हसलं. पुढच्या रांगा हसल्या. मीही हसले, कारण मी पुढच्या रांगेत होते.

काकू म्हणाल्या, "तुमाले दिसला असन काळापांढरा. मले हिरवा दिसला."

आणखी हशा. गृहस्थांनी हात वर करून तो थांबवला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "बरं, एक सांगा. त्या काळी बायकांची बसायची जागा वेगळी असे, कुठं कुठं मध्ये पडदा असे असं वाचलंय. इथं अकोल्यात कसं होतं? आपण कोठे बसला होतात?"

साधा प्रश्न. काकूंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांनी पुढच्या रांगांकडं पाहिलंच नाही. मागं सतरंजीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी इतका लहान झालेला पाहिला नव्हता. मला आपलं वाटलं, वय झालं, आठवत नसेल. मी खालून सुचवलंसुद्धा, "काकू, डावीकडं की उजवीकडं?"

तेवढ्यात मागून शांताबाई ताडकन उठली. "काकू! अव माय, पीठ कुटून ठेवलं मी, सुकून राह्यलं ना तथी! चाला लवकर!" आणि काय सांगू, सतरंजी रिकामी झाली. सगळ्या जणी उठल्या, दोघींनी व्यासपीठावर चढून काकूंना बखोटीला धरलं, एकीनं नारळ उचलला, आणि अध्यक्षांचं भाषण शिल्लक असताना अख्खी गल्ली दारातून बाहेर पडली. मी रागानं लाल. अडाणी, अडाणी बाया! एवढा मोठा माणूस पुण्याहून आला आणि यांना पापडाची पडली! गृहस्थांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि "काही हरकत नाही" असं दोनदा म्हणून गाडी गाठली. त्यांच्या लिखाणात पुढं काकूंचा उल्लेख आला नाही. माझाही.

त्यानंतर काकू ओसरीवर येईनात. शांताबाईचे पापड झाले, बाजूच्या दोन घरचे झाले, मुकाट्यानं. पाट भिंतीशी तसाच ठेवलेला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि पापड असे जाड झाले की तळले तरी चामड्यासारखे. काकूंच्या घरून मात्र सुनेचा आवाज दिवसभर येत होता. "बुढे, सरक." त्या दोन महिन्यांच्या पाटावरच त्या बाईचं वर्ष निघत होतं, एवढं मलाही अखेर दिसलं, आणि मी गेले.

काकू मागच्या अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. मी माफी मागितली. तीही लेखी भाषेत, जरा लांबवून. त्यांनी ऐकून घेतलं. मग दारात सून नाही हे पाहून म्हणाल्या, "मी बसलीच नव्हती व कुठी."

"म्हणजे?"

"माह्या मामाचा गोठा टाकीजच्या भितीले लागून होता. मांगच्या भितीले. पडदा त्याच भितीले, आन् भोंगा पडद्यामांगं. पोट्टीच्या जातीले कोन नेते पिक्चरले? मी गोठ्यात जाऊन भितीले कान लावून बसो. रोज. दुपारचा खेळबी आन् सांजचाबी. पिक्चर होता तवरोक." त्यांनी एक खडा काढून लांब फेकला. "शबुद भितीत अटकत. सूर येत."

मी विचारलं, "आणि हिरवा शालू?"

"तिचा आवाज हिरवा होता."

हे बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. मग मी भीतभीत विचारलं, "उंटाची घंटी?"

काकूंना पहिल्यांदा हसू आलं. "मामाचा बैल. ढवळ्या. रवंथ करे तं घंटी हाले. मले लग्न होईलोक वाटे का पिक्चरातच हाय."

माझा पाऊण रकाना! स्त्रीचा एकाकीपणा गोठ्यात उभा राहून कडबा चघळत होता.

"सांगशीन का सगळ्याइले?" काकूंनी विचारलं. डाळीतला हात थांबला होता. मी त्यांचा हात हातात घेतला, घसा खाकरला आणि हे गुपित माझ्यासोबत जाईल अशा अर्थाचं काहीतरी भलतंच गंभीर बोलले. त्या म्हणाल्या, "जेवून जाशीन."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची पाळी. सगळ्या जमल्या, पहिली लाटी पडली, आणि फाटक वाजलं. काकू थाळी घेऊन आल्या, पाटावर बसल्या. कर्र्र्र. त्या साली बगदादला नवा वजीर आला होता. तो फार शुद्ध बोलत होता. कोणालाही मारण्याआधी "आपण कोठे बसला होतात?" असं विचारत होता. सुलतानानं त्याला उंटावर उलटं बसवून पोह्यांच्या पुड्यासह वाळवंटात पाठवून दिलं. पापड इतके पातळ झाले की त्यातून पलीकडची बाई दिसत होती.

आणि मी? मी पुढची कित्येक वर्षं ते गुपित सांभाळलं. काय तो माझा थाट! काकूंनी "पिक्चर मी पायला का तुवा पायला?" म्हटलं की मी त्यांच्याकडं असा एक समंजस कटाक्ष टाकत असे. अख्ख्या गल्लीत मीच एक. माझ्या एका शब्दावर बगदाद उभं आहे. कोणी शंका काढली तर मी घाईनं विषय बदलत असे, इतक्या घाईनं की एकदा हातातलं तेल सांडलं. काकू तेव्हा माझ्याकडं जरा विचित्र पाहत, त्याला मी कृतज्ञता समजत होते.

पुढं आम्ही अमरावतीला आलो. गल्लीत पाकिटातले पापड आले, ओसऱ्यांना जाळ्या बसल्या. मी शेवटची काकूंना भेटले तेव्हा त्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, आणखी वाळलेल्या. समोर दोन-तीन जणी, पोळपाट नव्हतं, शांताबाई शेंगा सोलत होती आणि कोणाची तरी नातसून मोबाइल बघत होती. काकू सांगत होत्या. पोरगा घोड्यावरून पळत होता. खुर्चीच्या दांडीवर त्यांची बोटं टापा वाजवत होती, दोनच बोटं, बाकीची आता उचलत नव्हती. नातसुनेनं मोबाइल केव्हा पालथा ठेवला ते तिलाही कळलं नसेल. मी निघताना काकूंनी मान नुसती हलवली. घोडा मध्येच कसा थांबवणार?

त्यांच्या तेरवीला मी गेले. जेवणं झाल्यावर शांताबाई आणि मी मागं अंगणात बसलो होतो. मला राहवलं नाही. गेलेल्या माणसाचं सत्य कुणीतरी जपलं पाहिजे, वगैरे. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "शांताबाई, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. काकूंनी तो पिक्चर कधी पाहिलाच नव्हता."

शांताबाईनं मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली:

"अव अमरावतीवाले, तिच्या मामाचा गोठा कुठी होता हे आमच्या सास्वाइले ठाऊक होतं, आमाले ठाऊक होतं, तिच्या सुनेलेबी ठाऊक होतं. थ्या दिवशी सभेतून आमी का पिठासाठी उठलो व? जाऊ दे. पन हे आता कोनाले सांगू नको बापा, का तुलेच मालूम नव्हतं."